कुंपणानेच शेत खाल्ले

मुंबईच्या फोर्टात, विद्यापीठाच्या आवारात, राजाबाई मनोरा उभा आहे. या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, त्याला लागून असलेल्या ग्रंथालयासाठी आणखी दोन लाख दिले, आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. देणगी १८६४ सालची. मनोरा पुरा झाला तो १८७८ साली. मधल्या चौदा वर्षांत काय घडले हे मनोऱ्याकडे पाहणारास कळत नाही. ज्या पैशाच्या पुरातून हे दान बाहेर आले, त्याच पुरात मुंबई इलाख्यातील सर्वांत मातबर बँक वाहून गेली. दानाचे स्मारक राहिले. बुडालेल्या ठेव्याचे स्मारक कोण बांधतो?

ती बँक म्हणजे १८४० साली सनद मिळालेली बँक ऑफ बॉम्बे. तिचे भांडवल सुरुवातीस सव्वाबावन्न लाखांचे. त्यात सरकारचा स्वतःचा हिस्सा होता आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सभासद बसत. त्यामुळे लोकांच्या दृष्टीने ती सरकारीच बँक. सनदेने तिचे हात मुद्दाम बांधून ठेवले होते. लांब मुदतीची कर्जे द्यावयाची नाहीत, कंपन्यांच्या भागांवर, म्हणजे शेअरांवर, पैसे उचलून द्यावयाचे नाहीत, असे तिचे नियम. जवळजवळ वीस वर्षे ती या सोवळ्यात राहिली आणि सुखाने राहिली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले. खानदेश, वऱ्हाड आणि गुजराथचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले ते याच भरभराटीच्या दिवसांत. पैसा आला, पण तो ठेवावा कोठे? मग कंपन्या निघाल्या. बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या! बॅकबेच्या भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. ज्या जमिनीचा हा भाव, ती जमीन अजून पाण्याखाली होती!

नेमक्या याच वेळी, १८६३ साली, बँकेचा कायदा बदलण्यात आला. नोटा काढण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला होता, तेव्हा बँकेस नवा कायदा हवाच होता; परंतु तो करताना जुनी बंधने सैल झाली. भांडवल वाढवून दोन कोटी नऊ लाखांवर नेण्यात आले, आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली.

या वाटेत धोका कोणता, तो समजून घेतला पाहिजे. सोन्याच्या तारणावर कर्ज दिले तर सोन्याचा भाव त्या कर्जाने वाढत नाही. भागांचे तसे नसते. बँकेने भागांवर पैसे दिले, त्या पैशांनी नवे भाग विकत घेतले गेले, मागणीमुळे भाव चढला, चढलेल्या भावामुळे तेच तारण अधिक मोलाचे दिसू लागले, आणि त्यावर आणखी कर्ज मिळाले. बँक आपल्याच फुंकरीने फुगलेला फुगा तारण म्हणून तिजोरीत ठेवत होती. त्यातून पुष्कळशा भागांची पुरी रक्कम भरलेलीही नसे. उरलेले हप्ते मागितले गेले म्हणजे तारण हे तारण न राहता नवे देणे होऊन बसे.

तरीही कायदा हा दरवाजा उघडतो. आत जाणारी माणसेच असतात. बँकेचा कारभार सेक्रेटरीच्या हाती असे. ते होते ब्लेअर नावाचे साहेब. संचालकांनी त्यांना कर्जे देण्याची जवळजवळ अनिर्बंध मुभा दिली. ब्लेअरसाहेबांचे सल्लागार प्रेमचंदशेठ. हे पदाधिकारी नव्हते, कागदावर त्यांची कसलीच जबाबदारी नव्हती. पण कोणास पैसे द्यावे हे त्यांच्या शब्दावर ठरू लागले. अर्जदाराची पत कोणी तपासली नाही, त्याची ओळख तपासली. शेठजी तर स्वतःच बाजारातले सर्वांत मोठे सट्टेवाले. ज्याने खेळायचे, त्यानेच फडाच्या पेटीची किल्ली सांभाळायची, असा हा प्रकार झाला.

यात उघड लाच शोधू जाल तर हाती फारसे लागणार नाही. त्या काळी नव्या कंपनीचे भाग दर्शनी किमतीस मिळणे हीच मोठी मेहेरबानी होती. सकाळी मिळालेला भाग संध्याकाळी दामदुपटीने विकता येई. देणाऱ्याच्या खिशातून काही जात नसे, घेणाऱ्यास आपण काही वावगे घेतले असे वाटत नसे. परंतु मिंधेपण मनात राही, आणि मिंध्या माणसाला ‘नाही’ हा शब्द उच्चारणे जड जाते. शहरातले सभ्य गृहस्थ ते अशा रीतीने एकमेकांचे मिंधे झाले होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत जनरल ली शरण गेला. युद्ध संपणार या बातम्यांनीच कापसाचा भाव ढासळू लागला होता. आता तो कोसळला. वायद्याच्या सौद्यांची मोठी तारीख ठरली होती १ जुलै १८६५. त्या दिवशी जो तो दुसऱ्याकडून येणे काढून तिसऱ्याचे देणे भागविणार होता. पण येणे कोणाकडूनच आले नाही. विश्वास पानिपतात गेला, असे आपल्याकडे चेष्टेने म्हणतात. मुंबईच्या बाजारातला विश्वास त्या १ जुलैला गेला.

बँकेचे दार मात्र त्यानंतरही अडीच वर्षे उघडे होते. जानेवारी १८६८ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला, तेव्हा दोन कोटी नऊ लाखांच्या भांडवलापैकी जवळजवळ सगळे नाहीसे झालेले होते. भागीदारांनी सरकारचे नाव पाहून पैसा लावला होता; सरकारनेही संचालक नेमले होते ते लक्ष ठेवण्यासाठीच. तेव्हा हा केवळ व्यापारातला तोटा म्हणून सोडून देता येण्याजोगा नव्हता. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने सांगितलेली कारणे अशी: १८६३ च्या कायद्याने दिलेली सूट, त्या सुटीचा दुबळ्या आणि तत्त्वशून्य सेक्रेटऱ्यांनी केलेला दुरुपयोग, संचालकांची हेळसांड व नालायकी, आणि तो काळच विलक्षण असणे.

यातल्या शेवटच्या कारणाचा आधार घेण्याचा मोह प्रत्येक पिढीस होतो. काळच तसा होता, सगळेच करीत होते! पण कुंपण घालावयाचे ते गुरे मोकाट सुटतील त्या दिवसासाठीच. शांत दिवसांत नियम पाळण्यात विशेष काय? लोक वेडे होतील तेव्हा शहाणे राहणे, हेच तर बँकेचे काम. तेवढ्यासाठीच लोक आपला पैसा उशाखाली न ठेवता तिच्या हवाली करतात. त्या एका वेळी बँक ऑफ बॉम्बे गर्दीबरोबर धावली.

प्रेमचंदशेठांविषयी एक शब्द. त्यांना निव्वळ खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि त्यांची देणगी पुढे करून त्यांना निर्दोष ठरविणे त्याहून सोपे आहे. दोन्ही टाळावे. दान खरे होते, दोषही खरा होता; एकाच्या जमेने दुसऱ्याचा खर्च पुसला जात नाही. आणि सारा दोष एका शेठजीच्या माथी मारला, की सही करणारे आणि न पाहणारे आपोआप सुटतात.

१८६८ मध्येच त्याच नावाची नवी बँक एक कोटीच्या भांडवलावर उभी राहिली. १८७६ च्या कायद्याने बंधने पुन्हा घट्ट झाली आणि सरकारने आपला हिस्सा काढून घेतला. १९२१ साली ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इंपीरियल बँकेत मिळाली, आणि १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आज त्या बँकेच्या खिडकीशी पेन्शनर, शेतकरी, शाळामास्तर रांगेत उभे राहतात. फॉर्मवर दहा ठिकाणी सह्या, वर दोन जामीन, एवढे सारे पाहून ते कंटाळतात, आणि कंटाळावे असेच ते असते. पण यांतल्या कित्येक अटींमागे एकेक बुडालेला रुपया आहे. अटी जाचक वाटू लागतात, त्या सैल करा असा गलका होतो, आणि त्याच वेळी भाव रोज चढत असतात, तेव्हा १८६३ साल आठवावे. राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ अजून टोले देते. ते ऐकणाऱ्याने मधली चौदा वर्षेही मोजावीत.