सूतिकापरिचर्या, महाराष्ट्रातील

प्रसूतीनंतर गर्भाशयादी अवयव पूर्वस्थितीला येईपर्यंतच्या सुमारे सहा आठवड्यांत मातेची जी शुश्रूषा केली जाते, तीस सूतिकापरिचर्या म्हणतात. लोकव्यवहारात हा काळ सव्वा महिन्याचा मानतात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची महाराष्ट्रात जुनी प्रथा आहे. तेलाचे मर्दन, ऊन पाण्याचे स्नान, शेकशेगडी, बाळंतशोपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे नेहमीचे उपचार होत. त्यांतील विश्रांती व पौष्टिक आहार हितकारक होता. बंद खोलीतील धूर मात्र अपायकारक होता. याहून गंभीर गोष्ट सोयर पाळण्याची. जननाशौच मानणाऱ्या घरांत बाळंतिणीला दहा दिवस कोणी शिवत नसे. साहजिकच तिची सेवा सुईणीकडे जाई आणि पुष्कळ गावांत सुईण अस्पृश्य गणलेल्या जातीतील असे. तिच्या हाताला अनुभव होता, पण जंतुसंसर्गाचे ज्ञान नव्हते. युरोपातील रुग्णालयेही फारशी वेगळी नव्हती : डॉक्टरांनी हात धुतल्यास सूतिकाज्वराचे मृत्यू घटतात, हे सेमेलव्हाइस यांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये दाखवूनही त्यांच्या हयातीत ते सर्वमान्य झाले नाही.

विधवा बाळंतिणीला तर घराचाही आसरा नसे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात अशा स्त्रियांची बाळंतपणे गुप्तपणे व सन्मानाने होत. तेथे जन्मलेल्या यशवंत या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली परिचारिका व सुइणींच्या शिक्षणाची सोय केली. विधवांना या व्यवसायात आणताना रूढ समाजाचा विरोध मोडावा लागला. तथापि ही कामे मुख्यतः शहरांपुरतीच राहिली.

ग्रामीण भागात खरा पालट अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे घडला. हा तालुका दुष्काळी. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तेथे १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. पण त्या परक्या ठरल्या, गावात रुळल्या नाहीत. तेव्हा गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडून दिल्या. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर, काही दलित होत्या. केंद्रावर नियमितपणे येऊन त्या गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ हातांनी प्रसूती, नाळ कापण्यातील निर्जंतुकता, बाळंतिणीचा आहार आणि धोक्याची लक्षणे ओळखणे या गोष्टी शिकल्या. जिच्या हातचे पाणी वर्ज्य, तिच्याच हाती बाळंतीण सोपवण्याची जुनी रीत होती; येथे तीच स्त्री ज्ञानाच्या बळावर घराघरांत मानाने जाऊ लागली. औषधांइतकेच हे स्थित्यंतरही महत्त्वाचे मानावे लागते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने (१९८६) गावातील स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. केंद्र शासनाने २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या व २०११ मध्ये गृहभेटींची योजना काढली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी या भेटी व्हावयाच्या असतात. योजनेचे नाव नवजात बालकावरून पडले आहे. मातेचा ताप, रक्तस्राव व स्तनांच्या तक्रारी यांची विचारपूस त्याच भेटींत केली जाते.