पृथ्वीराज चव्हाण : अणुऊर्जा धोरण आणि शासनाचे उत्तरदायित्व

अणुवीज प्रकल्पात अपघात झाल्यास नुकसानभरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न २०१० मध्ये विधेयकाच्या रूपाने संसदेपुढे आला. ते विधेयक मांडणारे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यामुळे धोरणाचे समर्थन आणि जैतापूर प्रकल्पाची अंमलबजावणी, ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आली.

उत्तरदायित्व विधेयक

अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले चव्हाण १९९१ मध्ये कराडमधून प्रथम लोकसभेवर निवडून आले. भारत-अमेरिका नागरी अणुकरारावर ऑक्टोबर २००८ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्यानंतर नुकसानभरपाईचा कायदा आवश्यक ठरला. ७ मे २०१० रोजी विधेयक मांडताच विरोधकांनी सभात्याग केला. महिनाभरातच भोपाळ वायुदुर्घटना खटल्याचा निकाल लागला आणि परदेशी कंपन्यांना मोकळे सोडले जाईल, ही शंका बळावली.

दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडितांना भरपाई मिळावी आणि तिची जबाबदारी एकाच घटकावर, म्हणजे प्रकल्पचालकावर असावी, अशी सरकारची भूमिका होती. चालक सरकारी कंपनीच असल्याने अंतिम भार सरकारी तिजोरीवर पडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. अखेर चालकाच्या दायित्वाची मर्यादा ५०० कोटींवरून १,५०० कोटी रुपये करण्यात आली. सदोष सामग्री पुरविणाऱ्याकडून वसुली करण्याचा अधिकार चालकाला देणारे १७ वे कलमही वादानंतर दुरुस्त करण्यात आले. लोकसभेने २५ ऑगस्टला, तर राज्यसभेने ३० ऑगस्टला विधेयक मंजूर केले.

जैतापूरची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील या प्रकल्पात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित होत्या. त्यासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली व वरिलवाडा परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेण्यात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी दिली. मासेमारी, आंबा बागायती आणि भूकंपप्रवणता हे स्थानिकांचे मुख्य आक्षेप होते.

राज्याची वीजटंचाई दूर करण्यासाठी अणुऊर्जा आवश्यक आहे आणि शंकांचे निरसन चर्चेतून व्हावे, अशी भूमिका घेऊन चव्हाण फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रामस्थांना भेटले. ११ मार्चला जपानमधील फुकुशिमा येथे दुर्घटना घडली आणि विरोध तीव्र झाला. १८ एप्रिलला नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. त्यानंतर २६ एप्रिलला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत प्रकल्प पुढे नेण्याचा, तसेच स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापण्याचा निर्णय झाला. प्राधिकरणाचे विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. मात्र २०१४ मध्ये सभागृह विसर्जित होताच ते रद्दबातल ठरले.

नंतरची स्थिती

चव्हाण सप्टेंबर २०१४ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले. २०२५ अखेरपर्यंत जैतापूरच्या अणुभट्ट्यांचे बांधकाम सुरू झाले नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने २०१० च्या कायद्याची जागा घेतली आणि अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. चालक सरकारीच असेल, हे २०१० च्या चर्चेतील गृहीतक त्यामुळे बदलले. अपघातानंतरच्या भरपाईचा भार चालक, पुरवठादार आणि शासन यांच्यात कसा वाटला जावा, या प्रश्नाचे महत्त्व मात्र कायम राहिले.