रूळ बंदराकडे गेले, विमान सांताक्रूझला उतरलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर, थोडा साफसूफ करून.

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर एक प्रश्न फिरून फिरून येतो. "रात्री दोनला मुंबईत लँड होतोय, पुण्याला बसने येऊ की ट्रेनने?" उत्तरंही ठरलेली. बस पकड, नाहीतर कॅब शेअर कर, ट्रेनच्या भानगडीत पडू नकोस. आता बघा, लोहगाव हे मुळात हवाई दलाचं विमानतळ, तिथून परदेशी विमानं मोजकीच, म्हणून आपण मुंबईला जातो हे समजू शकतं. पण मुंबई-पुणे हा देशातल्या सगळ्यात जुन्या रेल्वेमार्गांपैकी एक. दिवसाला इतक्या गाड्या. तरी विमानतळावर उतरलेल्या माणसाला ट्रेन सुचतच नाही, हे कसं काय?

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे सिस्टीम विचित्र वागली की पहिलं जुनं डिझाइन उघडून बघायची सवय आहे. इथलं डिझाइन १८५० च्या दशकातलं आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ती जीआयपी रेल्वे कंपनीची. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ तयार झाले, खाली खोपोलीपर्यंत आधीच होते, आणि मध्ये बोरघाट. मग काय, पाच वर्षं लोक खोपोलीला गाडीतून उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचे. सामानासकट! १८६३ मध्ये घाटातली लाइन सुरू झाली आणि पुणेकर थेट मुंबईत पोचायला लागला.

पण मुंबईत म्हणजे कुठे? बंदराशी. हे रूळ घातले त्यात देशावरचा कापूस गोदीपर्यंत आणणं हा मोठा हेतू होता. आणि त्या काळी परदेशी जायचं म्हणजे बोटीनेच. पुढे तर बॅलार्ड पिअरला धक्क्यालगतच रेल्वे स्टेशन झालं, विलायतेच्या बोटीतून उतरलेले लोक तिथूनच उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे. पुण्याचा माणूस व्हीटीला उतरला की ट्रंक व्हिक्टोरियात टाकून थोड्या वेळात धक्क्यावर. आज आपण ज्या 'एअरपोर्ट कनेक्टिव्हिटी'साठी रडतो, ती शंभर वर्षांपूर्वी होती. फक्त एअरपोर्टऐवजी बंदर होतं.

मग विमान आलं, आणि ते बंदराजवळ उतरलं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते जुहूला. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा तळ वाढला आणि नंतर तोच मुंबईचा विमानतळ झाला. दोन्ही जागा पश्चिम उपनगरात. तिथली रेल्वे वेगळ्याच कंपनीची, बीबीसीआय, जी गुजरातकडून खाली आली होती. ५ नोव्हेंबर १९५१ ला एक मध्य रेल्वे झाली, दुसरी पश्चिम. नावं बदलली, रूळ होते तिथेच राहिले.

या दोघी शेजारी येतात दादरला. शेजारीच, एकत्र नाही. दोन स्टेशनं, मध्ये पूल. एक नंबरचा प्लॅटफॉर्म दोन्हीकडे! डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपले नंबर आठपासून सुरू केले तेव्हा कुठे तो गोंधळ मिटला. दोन मोठ्या बॅगा घेऊन पार्ल्याहून लोकलने दादर, मग पूल, मग पुण्याची गाडी. गर्दीच्या वेळी करून बघा. १८५८ मधलं तट्टू बरं वाटेल.

रस्त्याला असल्या दोन कंपन्या नव्हत्या. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर एसटीच्या निमआराम बसना 'एशियाड' हे नाव चिकटलं आणि दादर-पुणे एशियाड हा एका पिढीचा शब्दच झाला. २००२ मध्ये साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, शिवनेरी आली, आणि बोरिवलीहून हायवेने येणाऱ्या खाजगी बस विमानतळाच्या दारावरूनच जायला लागल्या. सामना संपला.

माझ्या मते अर्धाच संपला. येताना बस, हे मान्य. घाटात तासभर अडकलात तर फार तर झोप जाते. पण जाताना? तिथे विमान चुकलं तर तिकीट जातं, एखाद्याची ॲडमिशन अडकते. मे महिन्यातल्या एका शनिवारी आई एकटी न्यूजर्सीला निघाली होती, ताईच्या बाळंतपणाला. बाबांचा हट्ट कॅबचा. मी तिला घेऊन सकाळच्या गाडीत बसलो. खंडाळ्याच्या घाटात लाँग वीकेंडला गाड्यांची रांग किती लांब जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. रेल्वेचा घाट १:३७ चढाचा आहे, पुण्याकडे येताना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, पण तो उशीर आधीच वेळापत्रकात धरलेला असतो. दादरहून टॅक्सी केली. विमानतळावर सहा तास आधी पोचलो, आणि त्यातले निदान चार तास आई मला बोलत होती. चालतंय. (पावसाळ्यात मात्र घाटात दरडी पडतात, तेव्हा गाडीही आदल्या दिवशीची पकडा.)

ऑक्टोबर २०२५ पासून टॅक्सीचीही गरज नाही. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, त्यात टी-२ आहे, दादर आहे आणि सीएसएमटीही. म्हणजे पुण्याची गाडी जिथून सुटते ते स्टेशन आणि विमानतळ एका लाइनवर आले. फक्त रात्री दोनला मेट्रो बंद असते, आणि ग्रुपवरचा प्रश्न कायम रात्री दोनचाच असतो.

त्यात डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, पनवेलजवळ, म्हणजे एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी. तिथे बस परत पुढे आहे. पनवेलहून कर्जतमार्गे पुण्याला रूळ आहेत, त्यावरून पुण्याच्या गाड्या मात्र मोजक्याच. त्या वाढल्या तर हा भाग मी परत रेकॉर्ड करेन. तोपर्यंत पुढच्या वेळी कर्जतच्या त्या जादा इंजिनांबद्दल बोलू, वड्यासकट.