प्रॉम्प्टच्या चार ओळींवर भाष्य

उबुंटू किंवा डेबियनवर नवे खाते उघडले की त्याच्या होम डिरेक्टरीत बॅशआरसी नावाची फाइल आपसूक येऊन पडते. टर्मिनलचा प्रॉम्प्ट कसा दिसेल आणि खिडकीच्या माथ्यावर कोणते शीर्षक झळकेल, हे तिच्यातल्या मोजक्या ओळी ठरवतात. हौशी मंडळी कुठून तरी उचललेल्या नक्षीदार ओळी तिथे चिकटवतात. मूळ ओळी मात्र क्वचितच कोणी वाचतो. खाली त्या पाठातली रोमन अक्षरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवली आहेत, चिन्हे जागच्या जागी ठेवली आहेत. सुरुवातीचा क्रूटविषयीचा, म्हणजे बदललेल्या मूळ डिरेक्टरीविषयीचा, तुकडा गाळला आहे. शंभरातल्या नव्याण्णव यंत्रांवर तो रिकामाच असतो.

पीएस१='\यू@\एच:\डब्ल्यू\$ '

प्रॉम्प्टचा मजकूर ज्यात असतो त्या चलाचे पीएस१ हे नाव बॅश या शेलने शोधलेले नाही. ब्रायन फॉक्स यांचे बॅश १९८९ सालचे. त्याच्या दहा वर्षे आधी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलमध्येही ते होते. तिथे त्याची मूळ किंमत एक डॉलर आणि एक मोकळी जागा, एवढीच. बाकीचा पसारा नंतरचा.

\यू म्हणजे वापरकर्ता. \डब्ल्यू म्हणजे चालू डिरेक्टरी, होमच्या जागी ~ घालून. \$ एरवी डॉलर दाखवते, रूटच्या हाती सूत्रे असली की #. म्हणजे कोण, कुठे आणि कोणत्या अधिकाराने, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक हुकमाआधी समोर येतात.

उरले \एच, यंत्राचे नाव. इथे थांबले पाहिजे, कारण हे नाव पहिल्या टिंबापाशी तोडले जाते. शंका अशी की तोडायचे कशाला? समाधान असे की पूर्ण नावाने अर्धी ओळ खाल्ली असती. समाधान ठीक आहे, पण एकाच नावाचे यंत्र चाचणीसाठीही असेल आणि खऱ्या सेवेसाठीही, तर फरक टिंबानंतर असतो आणि तोच दिसत नाही. अशा ठिकाणी कॅपिटल \एच घालावा; तो पूर्ण नाव देतो.

पूर्ण नावानेही भागतेच असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. पुसायची होती डीबी२ या यंत्रावरची, पुसली गेली डीबी१ वरची, म्हणजे चालू असलेली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती. कंपनीने घटनेचा अहवाल जाहीर केला आणि सुधारणांच्या यादीत एक काम असे होते: सगळ्या यंत्रांवरचा पीएस१ बदलून यंत्रे एकमेकांपासून ठळकपणे वेगळी दिसतील असे करणे. दोन नावांत फरक होता तो एका आकड्याचा. घाईत तेवढा कुणाच्या नजरेत भरणार?

\[\०३३[०१;३२एम\]\यू@\एच\[\०३३[००एम\]

ही रंगीत आवृत्ती. ०३३ ही अष्टमान पद्धतीतली संख्या, दशमानात २७, म्हणजे एस्केप. ०१ म्हणजे ठळक, ३२ हिरवा, ००ने सगळे पूर्ववत. पुढे डिरेक्टरीसाठी ३४, निळा. काळ्या पडद्यावर तो वाचताना डोळे ताणावे लागतात, ही निवड मला कधीच पटली नाही. सर्व्हरवर ३२च्या जागी ३१ घाला, नाव लाल होईल. वरच्या घटनेवरचा हा सर्वांत स्वस्त उतारा.

खरी मेख \[ आणि \] यांत आहे. बॅशमध्ये ओळ टंकण्याची सोय सांभाळणारी रीडलाइन प्रॉम्प्टची लांबी मोजते आणि त्यावरून ओळ कुठे मोडायची ते ठरवते. रंगाची अक्षरे पडद्यावर उमटत नाहीत, तेव्हा ती मोजू नयेत हे या कंसांनी सांगायचे असते. ते विसरलात तर लांब हुकूम पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढतो, आणि वरचा बाण दाबून जुने हुकूम चाळताना आधीच्याची शेपटे मागे राहतात. दोष टर्मिनलला दिला जातो.

केस "$टर्म" इन एक्सटर्म*|आरएक्सव्हीटी*)

टर्म या चलात टर्मिनलचा प्रकार असतो. शीर्षकाची भाषा ज्याला कळते त्यालाच ते पाठवायचे, एवढाच हेतू. एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणाऱ्या टीमक्समध्ये टर्मची किंमत 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'ने सुरू होते, म्हणून तिथे ही अट जुळत नाही आणि शीर्षक बदलत नाही.

पीएस१="\[\ई]०;\यू@\एच: \डब्ल्यू\ए\]$पीएस१"

एस्केप आणि ] यांनी शीर्षकाचा संदेश सुरू होतो. ० म्हणजे खिडकीचे शीर्षक आणि लहान केलेल्या खिडकीच्या चित्राचे नाव, दोन्ही. १ म्हणजे फक्त चित्राचे, २ म्हणजे फक्त शीर्षक. \ए ही घंटा, इथे ती वाजत नाही, संदेश संपवते. दुहेरी अवतरणामुळे शेवटी जुना पीएस१ तिथल्या तिथे उतरतो. एकेरी असते तर उलट्या रेघा आहे तशा पडद्यावर सांडल्या असत्या.

शीर्षक प्रॉम्प्टला बांधले आहे, हा या ओळीचा गुणही आणि मर्यादाही. एसएसएचने जोडलेले दूरचे यंत्र सोडून परत आलात की पहिल्याच प्रॉम्प्टबरोबर शीर्षक आपले ताळ्यावर येते. पण दूरच्या यंत्राचा प्रॉम्प्ट शीर्षक पाठवतच नसेल, तर माथ्यावर तुमच्याच लॅपटॉपचे नाव राहते आणि हात मात्र सर्व्हरवर चालतात. हुकूम चालू असतानाही शीर्षक मागच्या प्रॉम्प्टचेच असते. तेही बदलायचे तर बॅश ४.४पासून पीएस० आहे, ते हुकूम वाचल्यावर आणि चालवण्याआधी उमटते.

शिवाय टर्मिनलवर दाखवलेली कोणतीही फाइल शीर्षक बदलू शकते. पूर्वी काही टर्मिनल विचारल्यावर शीर्षक परत टाइप करून देत, जणू ते तुम्हीच टंकले; सुरक्षा-संशोधक एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये या धोक्यावर सविस्तर लिहिले. म्हणून शीर्षक टॅब शोधण्यापुरते वापरा. काही पुसण्याआधी वाचायचे ते प्रॉम्प्टमधले नाव, आणि तेवढ्यानेही खात्री पटली नाही तर सरळ होस्टनेम हा हुकूम द्या.