फुजैरा : मान्यतेसाठी एकावन्न वर्षे

सुट्टीच्या दिवशी दुबईहून हजर पर्वतरांगा ओलांडून पूर्व किनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. फुजैरा शहराला दक्षिणेकडे लागून असलेले कल्बा शारजाचे आहे, उत्तरेकडील खोर फक्कानही शारजाचेच. मधला मुलूख मात्र फुजैराचा. आज या सीमा रस्त्यावरील पाट्यांपुरत्या उरल्या आहेत. परंतु बलाढ्य शेजाऱ्यापासून वेगळे होऊ पाहणाऱ्या एका लहान समाजाच्या अर्धशतकाच्या धडपडीचा इतिहास त्यांत दडलेला आहे.

या किनाऱ्यावर शारजाचे कासिमी शासक आपला हक्क सांगत. येथील शर्की जमातीला तो मान्य नव्हता. 1901 साली शेख हमद बिन अब्दुल्ला यांनी फुजैराचे स्वातंत्र्य घोषित केले. वादी हाममधील वाटेवर नजर ठेवणारा बिथनाचा किल्ला आणि सभोवतीचे डोंगर हे त्यांचे बळ होते. व्यवहारात फुजैरा तेव्हापासून वेगळेच होते. परंतु आखातात राज्यमान्यता ब्रिटिशांच्या हाती होती आणि त्यांच्या दप्तरी फुजैरा शारजाचाच भाग राहिला. 1925 साली मात्र ब्रिटिश युद्धनौका ‘लॉरेन्स’ने फुजैराच्या किल्ल्यावर तोफा डागून त्याचे बुरूज पाडले. शिक्षा करताना ज्या शेखाला जबाबदार धरले, त्यालाच राज्यकर्ता म्हणून मान्यता देण्यास ब्रिटिश तयार नव्हते.

याउलट शेजारच्या कल्ब्याला 1936 साली ती सहज मिळाली. ‘इम्पीरियल एअरवेज’च्या विमानांना अडचणीच्या वेळी उतरण्यासाठी ब्रिटिशांना तेथे धावपट्टी हवी होती. गरज सरली, आणि सुमारे पंधरा वर्षांनी कल्बा पुन्हा शारजात विलीन झाले. त्याच सुमारास फुजैराचे दैव पालटले. तेलाच्या शोधासाठी करार करावयाचा, तर तो कोणाशी, हा प्रश्न उभा राहिला आणि मार्च 1952 मध्ये ब्रिटिशांनी शेख मोहम्मद बिन हमद यांना मान्यता दिली. अशा रीतीने फुजैरा सातवे राज्य ठरले.

या दोन शेजाऱ्यांची तुलना आम्हांस उद्बोधक वाटते. परक्याच्या सोयीने मिळालेले स्वातंत्र्य ती सोय संपताच डळमळते. एकावन्न वर्षे स्वतःच्या बळावर टिकलेल्या समाजाला मात्र संधी येताच तिचा लाभ घेता येतो. 2 डिसेंबर 1971 रोजी संघराज्य स्थापन झाले, तेव्हा फुजैरा त्याचा संस्थापक घटक होता. कल्ब्याला स्वतंत्र स्थान नव्हते. संघराज्यातही सारे समान नाहीत. सर्वोच्च परिषदेत प्रत्येक अमिरातीला एक मत आहे. तथापि महत्त्वाच्या निर्णयांस पाच मते लागतात आणि त्यांत अबुधाबी व दुबई यांची मते असावीच लागतात. राष्ट्रीय परिषदेच्या चाळीस जागांपैकी फुजैराच्या वाट्याला चार येतात.

बाबासाहेबांनी 1940 साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये विभक्त होण्याचा प्रश्न भावनेवर न सोडता सीमा, साधनसंपत्ती आणि संरक्षण या कसोट्यांवर तपासला होता. फुजैराजवळ तेल नव्हते. होता तो होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेरचा किनारा. 2012 पासून अबुधाबीचे तेल हबशानहून नळाने याच किनाऱ्यावर येते. ज्या भूगोलामुळे हा मुलूख दुर्लक्षित राहिला, तोच आज संघराज्याची गरज बनला आहे. लहान राष्ट्राच्या भवितव्याचा विचार करताना त्याचा आकार मोजून थांबणे पुरेसे नाही, एवढे तरी या इतिहासातून आपण शिकावे.