चाळणी कोणाच्या हातात?

3 मे 1978. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकदमच संगणकाची जाहिरात धाडली. स्पॅमचा इतिहास इथून सुरू होतो. लोक चिडले, पण फुकटात जाहिरात होतेय म्हटल्यावर कोण थांबणार?

1997 मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम सोडणाऱ्या सर्व्हरची काळी यादी काढली. उपाय जालीम, पण सुक्याबरोबर ओलंही जळायचं. त्याच सर्व्हरवरच्या निरपराध माणसांची पत्रंही अडायची. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी दुसरी वाट मांडली: पत्रातल्या शब्दांवरून ते स्पॅम असण्याची शक्यता मोजा. गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेज यांचं. पण या चाळणीला स्पॅमसोबत चांगली पत्रंही दाखवावी लागतात, नाहीतर ती चुकीचंच शिकते.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क सक्तीचं झालं. म्हणजे मजकुराआधी पाठवणाऱ्याची ओळख.

चाळणी हवीच हो. पण आता ती मूठभर कंपन्यांच्या हातात आहे. पोस्टातून पत्र निदान शेरा मारून परत यायचं. इथे ते स्पॅममध्ये पडलं, तर पाठवणाऱ्याला पत्ताच नसतो. दाद कुठे मागायची? तोवर, अर्जाचं उत्तर आलं नाही म्हणून साहेबाला शिव्या घालण्याआधी स्पॅमचा फोल्डर एकदा उघडून बघा.