जिक्ले मुद्रण

जिक्ले मुद्रण अथवा इंकजेट कलामुद्रण ही संगणकीय प्रतिमेवरून शाईचे अतिसूक्ष्म थेंब फवारून चित्राची किंवा छायाचित्राची टिकाऊ प्रत तयार करण्याची पद्धत आहे. नेहमीच्या इंकजेट छपाईपेक्षा तिचे वेगळेपण यंत्रापेक्षा शाई, कागद आणि रंगनियंत्रण यांत अधिक असते. 'जिक्ले' या संज्ञेसाठी सर्वमान्य व बंधनकारक मानक नसल्यामुळे केवळ नावावरून प्रतीचा दर्जा ठरवता येत नाही.

== नाव व इतिहास ==
फ्रेंच भाषेतील 'जिक्ले' या क्रियापदाचा अर्थ फवारणे किंवा चिळकांडी उडणे असा आहे. संगीतकार व छायाचित्रकार ग्रॅहॅम नॅश यांच्या कॅलिफोर्नियातील 'नॅश एडिशन्स' या मुद्रणशाळेत काम करणारे जॅक ड्युगॅन यांनी १९९१ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तेथे वापरले जाणारे आयरिस मुद्रणयंत्र मूळचे व्यावसायिक छपाईपूर्वीची प्रुफे काढण्यासाठी बनवलेले होते. त्याची शाई लवकर फिकी पडत असे. इ.स. २००० च्या सुमारास रंगकणयुक्त शाईची यंत्रे बाजारात आल्यावर हा दोष बराच कमी झाला.

== शाई व कागद ==
इंकजेट शाईचे दोन मुख्य प्रकार आहेत. रंजकशाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. ती चमकदार दिसते, परंतु सामान्यतः प्रकाश व हवेतील ओझोन यांमुळे लवकर उडते. रंगकणशाईत रंगाचे घन कण द्रवात तरंगत असतात. ते कागदाच्या लेपावर स्थिरावतात आणि अधिक काळ टिकतात. कलामुद्रणासाठी प्रामुख्याने हीच शाई वापरतात. अशा यंत्रांत मूळ चार रंगांखेरीज फिकट छटा व करडे रंग धरून साधारणतः ८ ते १२ शाया असतात.

कागद आम्लरहित असावा लागतो. उत्तम प्रतींसाठी कापसाच्या तंतूंचा कागद किंवा कॅनव्हास निवडतात. कागद शुभ्र दिसावा म्हणून काही कागदांत प्रकाशवर्धक रसायने मिसळलेली असतात. कालांतराने त्यांचा प्रभाव ओसरून कागद पिवळसर दिसू लागतो.

== निर्मिती प्रक्रिया ==
# मूळ चित्र समान प्रकाशात, रंगपट्टी शेजारी ठेवून टिपले जाते किंवा स्कॅन केले जाते. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात ५० सेंमी रुंदीच्या प्रतीसाठी सुमारे ५,९०० बिंदू रुंदीची प्रतिमा लागते.
# पडद्याचे रंग मापकयंत्राने जुळवले जातात. शाई व कागदाच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र रंगआराखडा वापरला जातो.
# लहान नमुनापट्टी छापून ती मूळ चित्राशी ताडून पाहतात व दुरुस्त्या करतात.
# अंतिम छपाई होते. काही यंत्रांत विद्युत्दाबाने आकार बदलणारा स्फटिक, तर काहींत क्षणिक उष्णतेने निर्माण होणारा बुडबुडा शाई बाहेर ढकलतो. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर असते. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.
# प्रत सुकल्यावर तपासली जाते. कॅनव्हासवर बहुधा संरक्षक वॉर्निश देतात.

== महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा ==
चित्रांच्या रंगीत प्रती घरोघरी पोहोचवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला व नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. रविवर्मा यांचे १९०६ मध्ये निधन झाले. भारतीय कायद्यानुसार चित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे त्यांच्या चित्रांच्या नव्या इंकजेट प्रती काढण्यास आता हा अडसर राहिलेला नाही. तथापि अशी प्रत आणि मळवलीची जुनी ओलिओग्राफ प्रत या दोन भिन्न वस्तू आहेत.

== ओळख ==
दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली छपाईची पद्धत बहुधा ओळखता येते. शिळामुद्रणात अनियमित, खडबडीत ठिपके दिसतात. ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित, फुलासारखी रचना दिसते. इंकजेट छपाईत विखुरलेले, अतिशय बारीक ठिपके दिसतात.

== आवृत्ती व मूल्य ==
मर्यादित आवृत्तीतील प्रतीवर चित्रकाराची सही व '७/२५' असा क्रमांक असतो. म्हणजे २५ पैकी सातवी प्रत. शिळामुद्रणात आवृत्ती संपल्यावर दगड घासून त्यावरील चित्र नष्ट करता येई. संगणकीय फाइल मात्र झिजत नाही आणि तिच्या नकलाही सहज होतात. त्यामुळे येथे आवृत्तीची मर्यादा सर्वस्वी चित्रकार व मुद्रक यांच्या वचनावर अवलंबून असते. शाई, कागद, छपाईचे वर्ष आणि एकूण प्रतींची संख्या नमूद करणारे प्रमाणपत्र म्हणूनच महत्त्वाचे ठरते. चित्रकाराने थेट संगणकावर रचलेल्या कलाकृतीची प्रत ही मूळ कलाकृती मानली जाऊ शकते. तैलचित्रावरून काढलेली प्रत ही प्रतिकृतीच असते.

== जतन ==
प्रत थेट उन्हात लावू नये. चौकटीत आम्लरहित पुठ्ठा व अतिनील किरण अडवणारी काच वापरावी. चित्राचा पृष्ठभाग आणि काच यांत अंतर ठेवावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीपासून प्रत दूर ठेवावी, अन्यथा कागदावर बुरशी धरते.